दोन वाहिन्यांतून पाच दिशा

श्रावणात भीमाशंकरला गेलेला माणूस हल्ली फोनवर व्हिडिओ काढल्याशिवाय परत येत नाही. डिंभे धरणाच्या कडेने चढत जाणारा रस्ता, धुक्यात बुडालेलं रान, देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्या, आणि खाली पोहोचल्यावर ती मोठी पोर्तुगीज घंटा. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेची आठवण म्हणून ती ओळखली जाते. घरी आल्यावर तोच व्हिडिओ टीव्हीवर लावला जातो, होम थिएटरच्या रिमोटवरचं ‘सराउंड’चं बटण दाबलं जातं आणि दोनपैकी एक काही तरी घडतं. एक तर पाऊस चहूबाजूंनी पडू लागतो आणि हॉलमधली माणसं बोलायची थांबतात. नाही तर घंटा पोकळ वाजते, शिवनामाचा गजर मागच्या भिंतीतून येतो आणि समोर बोलणाऱ्याचे शब्दच कळत नाहीत.

यंत्र तेच, बटण तेच. मग कधी जमतं आणि कधी फसतं, ते कशावर ठरतं? उत्तर रेकॉर्डिंगमध्ये आहे. सराउंडचं बटण नवा आवाज तयार करत नाही. दोन वाहिन्यांत आधीपासून असलेली माहिती ते निवडतं आणि वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देतं. त्या वाहिन्यांत दिशा नोंदलेली असेल तर ती बाहेर येते. नसेल तर यंत्र अंदाज बांधतं, आणि तो चुकला की ऐकणाऱ्याला लगेच खटकतं. ही वाटणी कशी होते हे एकदा समजलं की महागडं काही न घेताही घरचं ऐकणं पुष्कळ सुधारतं.

कान दिशा कशी ओळखतो

भीमाशंकरच्या रानात शेकरू ओरडली की ती दिसायच्या आधीच मान बरोबर त्या झाडाकडे वळते. ही दिशा कानाला मुख्यतः दोन गोष्टींवरून कळते. पहिली वेळ. आवाज उजवीकडून आला तर उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला थोडा उशिरा. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, त्यामुळे हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो. परिस्थिती अनुकूल असेल तर सुमारे १० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरकही मेंदू पकडतो. दुसरी गोष्ट पातळी. वरच्या पट्टीचे आवाज डोक्यामुळे अडतात, म्हणून पलीकडच्या कानाला ते कमी ऐकू येतात. ढोबळमानाने १५०० हर्ट्झच्या खाली वेळेचा फरक उपयोगी पडतो आणि त्याच्या वर पातळीचा.

पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला कानाच्या पाळीची घडण मदत करते. तिच्या वळ्यांमुळे प्रत्येक दिशेकडून येणाऱ्या आवाजाचा पोत किंचित बदलतो. तरीही शंका राहिली तर आपण नकळत मान हलवतो आणि दोन्ही कानांतला फरक पुन्हा तपासतो.

वेळेच्या फरकावरून दिशा काढायचं हेच तत्त्व जुन्नर तालुक्यात फार मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यभागी आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन भुजांवर, २५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरात पसरल्या आहेत. आकाशातून आलेली रेडिओ लहर प्रत्येक अँटेनाला किंचित वेगळ्या वेळी पोहोचते. हे फरक जुळवले, संकेत एकमेकांशी ताडून पाहिले की स्रोत आकाशात नेमका कुठे आहे ते उलगडतं. एका अँटेनाला एवढी बारीक दिशा कळत नाही. दोन अँटेनांमधल्या फरकात ती असते. स्टिरिओचं आणि सराउंडचं सारं गणितही फरकाचंच आहे.

दोन स्पीकरमध्ये उभा राहणारा गायक

१९३१ साली इंग्लंडमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया यांच्या विलीनीकरणातून ईएमआय ही कंपनी झाली. एचएमव्हीचा कुत्रा असलेल्या ज्या तबकड्या आपल्याकडे घरोघरी होत्या, त्यांचंच हे घराणं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ईएमआयमधल्या ॲलन ब्लूमलिन या तरुण अभियंत्याने एका पेटंटसाठी अर्ज केला. दोन माइक, दोन वाहिन्या, एकाच खोबणीत दोन्ही वाहिन्या कोरणारी तबकडी, हे सगळं त्या अर्जात होतं. १९४२ साली रडारच्या चाचणीसाठी निघालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला. स्टिरिओ तबकड्या बाजारात रुळायला १९५८ उजाडलं.

ब्लूमलिनचा महत्त्वाचा शोध असा. दोन स्पीकर समोर ठेवले की दोन्ही कानांना दोन्ही स्पीकर ऐकू येतात. अशा वेळी स्पीकरमध्ये केवळ पातळीचा फरक ठेवला, तरी कानापाशी पोहोचेपर्यंत खालच्या पट्टीत त्यातून वेळेचा फरक तयार होतो. म्हणजे पातळी कमी-जास्त करून आवाज डावीकडून उजवीकडे कुठेही ‘उभा’ करता येतो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज त्याच पातळीने आला तर गायक बरोबर मध्ये, जिथे एकही स्पीकर नाही तिथे उभा असल्याचा भास होतो.

या भासाची एक अट आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा लागतो. ऐकणारा डावीकडे सरकला की मधला गायकही डाव्या स्पीकरकडे सरकतो. सराउंडमध्ये मधला, म्हणजे सेंटर, स्पीकर वेगळा दिला जातो तो याचसाठी. सोफ्याच्या टोकाला बसलेल्यालाही संवाद पडद्याच्या मधूनच ऐकू यावा, ही त्यामागची गरज आहे.

बेरीज आणि वजाबाकी

आता मूळ प्रश्न. दोन वाहिन्यांतून पाच स्पीकरना आवाज द्यायचा कसा?

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंतांनी या गावाचं नाव देशभर नेलं. समजा, गावच्या जत्रेत तमाशाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग केलं आहे. गायिका मध्ये, म्हणून तिचा आवाज डाव्या आणि उजव्या वाहिनीत सारखाच, १० आणि १०. ढोलकीवाला पूर्ण डावीकडे, म्हणून डाव्या वाहिनीत ६ आणि उजवीकडे शून्य. प्रेक्षकांच्या टाळ्या-शिट्ट्या दोन्ही माइकना वेगवेगळ्या वेळी पोहोचतात, त्यामुळे त्यांची लहर कधी जुळते, कधी उलटी पडते. ती उलटी पडलेला एक क्षण घेऊ, डावीकडे अधिक २, उजवीकडे उणे २.

दोन्ही वाहिन्यांची बेरीज केली तर गायिका २०, ढोलकी ६ आणि प्रेक्षक शून्य. वजाबाकी केली तर गायिका शून्य, ढोलकी ६ आणि प्रेक्षक ४. बेरजेतून प्रेक्षक गेले आणि वजाबाकीतून गायिका गेली. बेरीज सेंटर स्पीकरला द्या, वजाबाकी मागच्या स्पीकरना द्या. गायिका समोर येते आणि टाळ्या पाठीमागून. तमाशाला बसलेल्या माणसाचा अनुभव असाच असतो, म्हणून अशा रेकॉर्डिंगला सराउंड शोभून दिसतो.

कराओकेच्या यंत्रावर गायकाचा आवाज घालवण्याचं जे जुनं बटण असतं, तेही हीच वजाबाकी करतं. म्हणूनच त्यात गायकाबरोबर मध्ये ठेवलेला तबला आणि बेसही जातो, आणि गायकाच्या आवाजाला दिलेला एको तेवढा मागे उरतो.

वरच्या गणितातली ढोलकी मात्र अडचणीची आहे. ती बेरजेतही आहे आणि वजाबाकीतही. केवळ डावीकडे असायला हवी ती समोरून आणि मागूनही वाजते. साध्या बेरीज-वजाबाकीच्या पद्धतीत शेजारच्या दोन वाहिन्यांत जेमतेम ३ डेसिबलचा फरक उरतो तो यामुळे. मागून टाळ्यांऐवजी ढोलकीची थाप ऐकू आली की सगळंच अस्वाभाविक वाटू लागतं.

अमेरिकेतल्या डेव्हिड हाफ्लर यांनी ही वजाबाकी घरच्या घरी करायची फार सोपी जोडणी लोकप्रिय केली. जास्तीचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या दोन लाल टोकांमध्ये जोडायचा, काळ्या टोकाला जोडायचाच नाही. त्या स्पीकरला आपोआप दोन वाहिन्यांमधला फरकच मिळतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर, दोन्ही वाहिन्यांची काळी टोकं आतून एकच असतील तरच हे करावं. आजच्या अनेक छोट्या डिजिटल आणि गाडीतल्या ॲम्प्लिफायरमध्ये काळ्या टोकातही संकेत असतो. तिथे ही जोडणी ॲम्प्लिफायर जाळू शकते, म्हणून खात्री नसेल तर करू नये.

चित्रपटगृहातून दिवाणखान्यात

‘शोले’ १९७५ साली ७० मिलिमीटर पडद्यावर स्टिरिओफोनिक आवाजासह आला, तेव्हा आपल्या प्रेक्षकांना आवाजाच्या अनेक वाहिन्या प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर अनुभवायला मिळाल्या. पण ७० मिलिमीटरची चुंबकीय पट्टी महाग होती. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला आवाजासाठी जी जागा असते तिच्यात दोनच वाहिन्या मावत. डॉल्बी या कंपनीने सत्तरच्या दशकात या दोन वाहिन्यांत चार बसवल्या. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे. मधला संवाद दोन्हीकडे सारखा, पण ०.७०७ पटीने. मागचा आवाजही दोन्हीकडे ०.७०७ पटीने, मात्र एकीकडे सुलटा आणि दुसरीकडे उलटा. बेरजेत संवाद सापडावा आणि वजाबाकीत मागचा आवाज, अशी ही मुद्दाम केलेली मांडणी होती. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने ती जगभर पोहोचवली.

पुढे हे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवर आले. कॅसेटच्या दोन स्टिरिओ वाहिन्यांत मागचा आवाज तसाच दडलेला होता. तो काढून देणारे डीकोडर घरांसाठी १९८२ पासून आले आणि १९८७ साली प्रो लॉजिक हा पुढचा डीकोडर आला. या यंत्रात ढोलकीच्या अडचणीवर उपाय होता. कोणत्या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे ते यंत्र सतत पाहतं आणि जिथे तो नको तिथून तेवढाच वजा करतं. शिवाय मागचा आवाज साधारण २० मिलिसेकंद उशिरा सोडला जाई आणि त्यातला ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला जाई. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं होतं, की एकच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान पहिल्या ठिकाणालाच उगम मानतो. मागून थोडा संवाद गळला तरी तो समोरूनच आल्यासारखा वाटतो तो या उशिरामुळे.

२००० साली जिम फॉसगेट यांच्या कामातून प्रो लॉजिक टू आलं. त्यात मागचे दोन स्पीकर वेगवेगळे झाले, ७ किलोहर्ट्झची मर्यादा गेली, आणि चित्रपटासाठी एक व संगीतासाठी एक अशा दोन पद्धती मिळाल्या. आजचे डॉल्बी सराउंड किंवा डीटीएस न्यूरल एक्स यांसारखे डीकोडर आवाज अनेक पट्ट्यांत विभागतात आणि प्रत्येक पट्टीचा निर्णय वेगळा घेतात. त्यामुळे ढोलकी डावीकडे स्थिर राहून झांजेचा नाद मागे पसरू शकतो.

मग जुन्या मोनो रेकॉर्डिंगचं काय? ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रसारित होऊ लागलं. ५६ गीतांची ही मालिका घराघरांत रेडिओच्या एकाच स्पीकरमधून ऐकली गेली. असं मोनो रेकॉर्डिंग डीकोडरला दिलं तर दोन्ही वाहिन्या सारख्या, वजाबाकी शून्य, आणि सगळा आवाज सेंटर स्पीकरमधून येतो. मागचे स्पीकर गप्प राहतात. यंत्रात बिघाड नाही, यंत्र खरं तेच सांगत आहे. अशा ध्वनिमुद्रणाला ‘हॉल’ किंवा ‘स्टेडियम’ नावाचं बटण दाबून खोटा एको लावला की शब्द पुसट होतात, आणि ज्या गाण्याचं बळ शब्दोच्चारात आहे त्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं. साठ-सत्तरच्या दशकांत जगभरच्या कंपन्यांनी मोनो तबकड्या कृत्रिम स्टिरिओ करून विकल्या. खालचे सूर एकीकडे, वरचे दुसरीकडे ढकललेल्या त्या आवृत्त्या आज जाणकार ऐकत नाहीत, मूळ मोनोच शोधतात.

उलटा प्रवास

घरोघरी जास्त वेळा होतं ते याच्या उलट. चित्रपट ५.१ मध्ये असतो आणि घरात स्पीकर दोनच. पाच मुख्य वाहिन्या आणि खालच्या पट्टीची एक, म्हणून ५.१. ही सहावी वाहिनी साधारण १२० हर्ट्झच्या खालचे धमाके आणि गडगडाट वाहून नेते.

पाच वाहिन्या दोनमध्ये मिसळण्याचं सर्वमान्य सूत्र आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत आहे. डाव्या वाहिनीत सेंटरचा ०.७०७ भाग आणि डाव्या मागच्या वाहिनीचा ०.७०७ भाग मिळवायचा. उजवीकडेही तसंच. सेंटर दोन्हीकडे जात असल्यामुळे ०.७०७ घेतात, म्हणजे दोन्ही स्पीकर मिळून त्याची शक्ती मूळइतकीच राहते. खालच्या पट्टीची वाहिनी बहुधा सोडून दिली जाते, कारण छोट्या स्पीकरना ती झेपत नाही.

या सूत्रातून घरातल्या दोन नेहमीच्या तक्रारी समजतात. पहिली, आवाज बारीक येतो. १ अधिक ०.७०७ अधिक ०.७०७ म्हणजे सुमारे २.४. तिन्ही वाहिन्या एकाच वेळी जोरात असतील तर बेरीज मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो. ते टाळायला यंत्र सगळाच आवाज साडेसात डेसिबलच्या आसपास खाली आणतं. इथे व्हॉल्यूम वाढवणं हाच बरोबर उपाय.

दुसरी तक्रार अधिक त्रासदायक, संगीत कानठळ्या बसवतं आणि संवाद ऐकूच येत नाहीत. पात्रांचे ओठ हलतात, पण शब्दांचा अस्पष्ट घुमारा तेवढा येतो. याचं कारण बहुतेकदा असं असतं, की कुठल्या तरी टप्प्यावर पाच वाहिन्या मिसळल्याच गेलेल्या नाहीत. समोरच्या डाव्या-उजव्या तेवढ्या घेतल्या आणि सेंटर, म्हणजे अख्खा संवाद, टाकून दिला. टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘५.१’ ऐवजी ‘पीसीएम’ अथवा ‘स्टिरिओ’ निवडलं की मिसळण्याचं काम तिथेच होतं आणि संवाद परत येतात. ॲपमध्ये भाषा निवडताना ‘मराठी ५.१’ आणि ‘मराठी’ असे दोन पर्याय दिसले आणि घरी दोनच स्पीकर असले तर साधा पर्याय निवडावा. रात्री घरातले झोपलेले असताना ‘नाइट मोड’ लावला तर धमाके दबतात आणि कुजबुज वर येते.

एकदा मिसळलेलं पुन्हा पूर्ण वेगळं होत नाही. कालवलेल्या दहीभातातून दही परत काढता येत नाही, तसंच हे. ५.१ चा स्टिरिओ करून पुन्हा डीकोडरने ५.१ केला, तर मूळच्या जवळपास जाणारं काही तरी मिळतं, मूळ मिळत नाही. म्हणून रूपांतर ऐकण्याच्या क्षणी करावं आणि फाइल आहे तशी ठेवावी.

हॉलमधली मांडणी

आपल्याकडचा हॉल साधारण दहा बाय बारा फुटांचा, टीव्ही एका भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकलेला. अशा खोलीत मागचे स्पीकर ठेवायला मागे जागाच नसते आणि ते सोफ्याच्या वर छताजवळ ठोकले जातात. पाठीमागे ते नसले तरी चालतं. शिफारस अशी, की समोरचे दोन ऐकणाऱ्यापासून ३०-३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर, म्हणजे जवळजवळ दोन्ही बाजूंना, किंचित मागे. सोफा भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढला आणि हे स्पीकर कानाच्या थोडे वर बाजूच्या भिंतींवर लावले, तर लहान हॉलमध्येही आवाज चांगला वेढतो.

त्यानंतर टेप घेऊन प्रत्येक स्पीकरचं बसण्याच्या जागेपासूनचं अंतर मोजावं आणि होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये भरावं. आवाजाला एक फूट जायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. समोरचा स्पीकर आठ फुटांवर आणि बाजूचा चार फुटांवर असेल, तर बाजूचा आवाज साडेतीन मिलिसेकंद आधी पोहोचतो. हास यांच्या नियमाप्रमाणे कान त्यालाच उगम मानू लागतो आणि गायक बाजूच्या भिंतीवर जाऊन बसतो. अंतर भरलं की रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर देतो.

तिसरी तपासणी तारांची. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली, तर मध्ये उभा राहायला हवा तो गायक विरघळतो आणि खालचे सूर पातळ होतात. एकाच व्यक्तीचं बोलणं असलेलं मोनो रेकॉर्डिंग लावून मधोमध बसावं. आवाज नेमक्या मधल्या एका ठिकाणाहून यायला हवा. पसरट, डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर तारा तपासाव्यात.

चौथी गोष्ट फाइलच्या दर्जाची. गाणं फार दाबून लहान केलेलं असेल, तर जागा वाचवण्यासाठी दोन वाहिन्यांमधल्या फरकाचीच माहिती आधी कापली जाते. दोन स्पीकरवर ते फारसं जाणवत नाही. सराउंड लावलं की नेमका तोच फरक मागच्या स्पीकरना मिळतो, आणि टाळ-झांजेच्या जागी पाण्यातून आल्यासारखा गुळगुळ आवाज येतो. अशा वेळी स्टिरिओच बरा.

सबवूफर मांडणीच्या या नियमांना अपवाद आहे. ८० हर्ट्झच्या खालची दिशा कानाला जवळपास कळत नाही, त्यामुळे तो स्टिरिओबरोबर लावायलाही हरकत नाही आणि कुठेही ठेवता येतो. कोपऱ्यात मात्र त्याचा घुमारा फुगतो. तिथून थोडा बाहेर काढून ऐकून पाहावं.

रान रेकॉर्ड करताना

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. पावसाळ्यात इथे आवाज खरोखर चहूबाजूंनी असतो. पानांवरून निथळणारं पाणी, बेडूक, रातकिडे, दरीकडून येणारा धबधब्याचा एकसुरी घोष आणि मध्येच शीळकरी कस्तुराची लांब शीळ. पाऊस म्हणजे लाखो वेगवेगळे थेंब, त्यामुळे दोन माइकना मिळणारा त्यांचा आवाज एकमेकांशी जुळत नाही. जे जुळत नाही ते वजाबाकीत उरतं आणि मागे पसरतं. कस्तुराची शीळ एका ठिकाणाहून येते, म्हणून ती समोर ठाम राहते. निसर्गाचं चांगलं स्टिरिओ रेकॉर्डिंग सराउंडमध्ये इतकं खुलतं ते यामुळे.

फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर तो आडवा धरावा, म्हणजे त्याच्या दोन टोकांचे माइक डावे-उजवे होतात. मिनिटभर तरी तो न हलवता धरावा, कारण फोन फिरला की सगळं रान फिरतं. वाऱ्याकडे पाठ करावी. वाऱ्याची फरफर दोन्ही माइकवर वेगवेगळी आदळते, म्हणून डीकोडर तिलाही मागचा आवाज समजून मागच्या स्पीकरमधून सोडतो.

ज्यांना हे काम मनापासून करायचं आहे त्यांच्यासाठी ॲम्बिसॉनिक्स ही पद्धत आहे. मायकेल गर्झन यांनी सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये तिची उभारणी केली. चार माइक एका चतुष्फलकाच्या चार तोंडांवर बसवलेले असतात. त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून चार वाहिन्या मिळतात. एकीत एकूण आवाज, आणि उरलेल्या तिघींत पुढे-मागे, डावे-उजवे, वर-खाली यांचे फरक. हे मूळ जपलं की त्यातून नंतर स्टिरिओ काढता येतो, ५.१ काढता येतो आणि हेडफोनसाठीची आवृत्तीही. हेडफोनच्या आवृत्तीत प्रत्येक दिशेला कानाच्या पाळीमुळे होणारा बदल गणिताने मिसळलेला असतो. त्यामुळे दोनच कानांत झाडावरची शेकरू वर ऐकू येते आणि ओढा खाली.

अभयारण्यात एक पथ्य मात्र कसोशीनं पाळायला हवं. रेकॉर्ड केलेली पक्ष्यांची साद तिथे स्पीकरवर वाजवू नये. विणीच्या हंगामात पक्षी तिला हद्दीत शिरलेला प्रतिस्पर्धी समजतात, घरटं सोडून धावतात आणि नाहक थकतात. माइक घेऊन जावं, स्पीकर घरी ठेवावा.

मूळ प्रत राखा

आता संगणक गाण्यातले घटक वेगळे करू लागले आहेत. डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९ साली स्प्लिटर हे साधन सर्वांसाठी खुलं केलं. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ची २०२२ची आवृत्ती एका वाहिनीत एकत्र झालेली वाद्यं अशाच तंत्राने सोडवून नव्याने मिसळली गेली. उद्या आपल्या मोनो नाट्यगीतांतला ऑर्गन, तबला आणि गळा वेगळा काढून समोर नीट मांडणं शक्य आहे. पण हे तंत्र शिकलेल्या नमुन्यांवरून अंदाज बांधतं. तानेतला श्वास किंवा ऑर्गनचा लांबलेला सूर ते कधी एका घटकात टाकतं, कधी दुसऱ्यात, कधी गाळूनही टाकतं. म्हणून अशी आवृत्ती मूळ ध्वनिमुद्रणाच्या शेजारी ठेवावी, तिच्या जागी नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या गावांत आज तरुण मुलं फोनवर जत्रेतली भजनं, तमाशाचे फड, महादेव कोळी वस्त्यांवरची आजीबाईंची गाणी रेकॉर्ड करत आहेत. त्यांनी एवढं करावं. फोनमधली मूळ फाइल, कोणतंही ‘इफेक्ट’ न लावता, दोन ठिकाणी जपून ठेवावी. फाइलच्या नावात गाव, तारीख, कोण गात होतं आणि फोन कुठे, कसा धरला होता ते लिहावं. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत मूळ समजू नये, कारण ती वाटेत दाबलेली असते. सराउंडचं बटण ऐकताना दाबायला मोकळं आहे, आणि पुढे डीकोडर जितके हुशार होतील तितकं या फाइलींमधून अधिक काही बाहेर येईल. चार वाहिन्या दोनमध्ये बसवलेल्या सत्तरच्या दशकातल्या तबकड्या आजची संगणकीय साधनं त्या काळच्या यंत्रांपेक्षा चांगल्या उलगडतात, याचं कारण इतकंच की दोन्ही वाहिन्या कुणी तरी जशाच्या तशा राखल्या. दोन वाहिन्यांमधला तो छोटासा फरक मूळ प्रतीत शाबूत असेल, तरच पुढच्या पिढीच्या हॉलमध्ये त्या जत्रेतल्या टाळ्या मागून ऐकू येतील.